करुण कीं वत्सल?

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या व दुसऱ्या अंकांमध्यें बारा वर्षांचें अंतर आहे. पहिल्या अंकाच्या अखेरीस गर्भभारानें अवघडलेली सीता वनाकडे निघते. दुसरा अंक उघडतो तेव्हां तिचीं जुळीं मुलें, कुश आणि लव, वाल्मीकींच्या आश्रमांत वेदाध्ययन करण्याइतकीं मोठीं झालेलीं असतात. मधल्या काळांत त्या दोन अर्भकांना न्हाऊं-माखूं कोणीं घातलें, एक झोंपलें असतां दुसरें रडूं लागलें तर काय केलें, याची वार्ता नाटकांत नाहीं. कवीनें आईचा हातहि लवकरच सोडवून घेतला आहे. अंगावरचें दूध सुटतांच गंगा तीं मुलें वाल्मीकींच्या स्वाधीन करते. करुणरसाचा श्रेष्ठ कवि म्हणून आपण ज्याला मानतों, त्याच्या श्रेष्ठ नाटकांत जुळ्यांचें संगोपन दोन अंकांमधील पडद्याआड झालें. नाट्यशास्त्राच्या दृष्टीनें यांत दोष काढतां येणार नाहीं. अंकाला घटना हवी. संगोपन ही घटना नव्हे, ती दिनचर्या आहे.

त्याच दुसऱ्या अंकांत आत्रेयी नांवाची तापसी तो आश्रम सोडून आलेली दिसते. कारण असें, कीं हीं जुळीं मुलें इतकीं तीव्रबुद्धि आहेत कीं त्यांच्याबरोबर शिकणें इतरांस अशक्य झालें आहे. गुरु विद्या सर्वांना सारखीच देतो, पण फल मात्र सारखें नसतें, असें ती सांगते. तेथें कवीनें प्राज्ञाला मण्याची आणि जडाला मातीच्या ढेकळाची उपमा दिली आहे. या उपमेचें कौतुक आपल्या टीकाकारांनीं पुष्कळ केलें. परंतु त्या जुळ्यांतील एक, किंवा दोन्हीं, त्या ढेकळाच्या बाजूचीं निघालीं असतीं तर सीतेचीं तीं बारा वर्षें कशीं गेलीं असतीं, हा प्रश्न कोणीं विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नव्हे. जुळीं मुलें बहुधा वेळेच्या आधीं जन्मतात. पुष्कळ देशांत निम्म्याहून अधिक जुळ्यांचा जन्म गर्भाचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वींच होतो. वजन कमी, फुप्फुसें कोंवळीं, मेंदूंतील रक्तवाहिन्या नाजूक. त्यामुळें मेंदूच्या इजेनें येणारा स्नायूंचा पांगळेपणा, ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तो एकट्यानें जन्मणाऱ्या मुलांपेक्षां जुळ्यांत कित्येक पटींनीं अधिक आढळतो. पूर्वीं अशीं बालकें बहुधा जगत नसत. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांनीं गेल्या पन्नास वर्षांत तीं जगविलीं आणि मग घरीं पाठविलीं. रुग्णालयाच्या दारापाशीं वैद्यकाचें काम पुष्कळसें संपतें. घराचें काम तेथून सुरू होतें. अशा मुलांच्या आईबापांनीं गेल्या साठसत्तर वर्षांत स्वतः लेखणी हातीं घेतली, आणि त्यांतून वाङ्मयाचा एक नवा प्रकार पाश्चात्त्य देशांत उभा राहिला. त्या प्रकाराची परीक्षा कोणत्या कसोटीनें करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

परीक्षेपूर्वीं विषयवस्तु नीट पाहिली पाहिजे. जुळ्यांच्या घरीं कोणतेंहि काम दोनदां करावें लागतें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण दोन्हीं मुलें विशेष गरजांचीं असलीं म्हणजे तेंच काम दोन प्रकारांनीं करावें लागतें. एकाला पातळ पदार्थ गिळतां येत नाहीं, ठसका लागतो, म्हणून पेज दाट हवी. दुसऱ्याच्या जिभेला दाट पदार्थाचा स्पर्शच सोसत नाहीं. एकाच्या पायांना रोज सकाळीं ताण देऊन, आधाराचे पट्टे बांधून त्याला भिंतीशीं उभें करावयाचें. त्याच वेळीं दुसरा, ज्याला चालतां येतें पण भय म्हणजे काय तें कळत नाहीं, उघड्या दाराकडे धांवत असतो. एकाला फेफऱ्याचें औषध ठराविक वेळेला दिलेंच पाहिजे. आणि नेमकी त्याच वेळीं दुसऱ्याची झोंप कशीबशी लागलेली असते, ती चमच्याच्या आवाजानें मोडते. कुकरच्या शिट्टीनें एक हंसतो, दुसरा कान झांकून किंचाळतो. इतर घरीं 'शेजारच्या मुलाशीं तुलना करूं नये' असा उपदेश करतां येतो. येथें तुलना एकाच पाळण्यांत निजलेली असते. एक मूल प्रथम आधारावांचून बसलें, त्या आनंदाच्या क्षणींच आईचे डोळे दुसऱ्याकडे वळतात.

असा विषय दिसतांच आपला वाचक 'करुण' असा शेरा मारून मोकळा होतो. आमच्या मतें तो शेरा घाईचा आहे. करुणाचा स्थायीभाव शोक, आणि शोक इष्टाच्या नाशानें होतो. हीं मुलें तर समोर आहेत, भुकेलीं आहेत, त्यांचे कपडे ओले झालेले आहेत. विश्वनाथानें 'साहित्यदर्पणां'त नऊ रसांच्या जोडीला वत्सलरस मानला. त्याचा स्थायीभाव वात्सल्यरूप स्नेह, आलंबन अपत्य, आणि उद्दीपनें म्हणून त्या अपत्याच्या चेष्टा, विद्या, शौर्य, दया इत्यादि सांगितलीं. या यादीकडे वाचकांनीं थोडें लक्षपूर्वक पहावें. विद्या आणि शौर्य अपत्याच्या वाट्याला कधीं येणारच नसतील, तर तेथें वत्सलरस संभवत नाहीं काय? कोणत्याहि अशा घराचा अनुभव सांगेल कीं संभवतो. तेव्हां यादींतील पहिला शब्द, 'चेष्टा', हाच मूळचा. बाकीचीं उद्दीपनें लाभलीं तर लाभलीं. चेष्टा म्हणजे त्या एका बालकाची अशी हालचाल कीं जी दुसऱ्या कोणाचीच नाहीं: मान वळविण्याची त्याची रीत, पंख्याकडे पाहून त्याचें बोटें नाचविणें, ओळखीचें पाऊल ऐकून त्याचें गप्प होणें.

यावरून आम्ही पुढील कसोटी सुचवितों. ज्या पुस्तकांत मुलाच्या चेष्टा दिसतात तें वत्सल. ज्यांत आईबापांचा शोकच दिसतो तें करुण, आणि पुष्कळदां तें स्वतःविषयींच करुण. जुळ्यांच्या बाबतींत ही कसोटी अधिक कडक होते. कारण शोक दोघांसाठीं मिळून एकच पुरतो, चेष्टा मात्र दोघांच्या वेगवेगळ्या लिहाव्या लागतात.

जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए यांना १९६३ मध्यें मेंदूची विकृति असलेला मुलगा झाला, आणि १९६४ मध्यें त्यांची 'ए पर्सनल मॅटर' या इंग्रजी नांवानें जगाला परिचित झालेली कादंबरी प्रसिद्ध झाली. तींतील तरुण बाप अशा मुलाच्या जन्मानें हादरतो, त्यापासून पळ काढतो, आणि अखेरीस त्याचा स्वीकार करतो. एका भित्र्या मनाचें इतकें निर्दय परीक्षण क्वचितच वाचावयास मिळतें. परंतु कादंबरी स्वीकारापाशीं संपते. ज्या सकाळपासून त्या मुलाला रोज दूध पाजावयाचें, त्या सकाळीं पुस्तक मिटलेलें असतें. हा भवभूतीचाच पडदा. फरक इतकाच कीं येथें तो नाटकाच्या मध्यावर न पडतां शेवटीं पडला. ओए यांनीं पुढील अनेक ग्रंथांत त्या मुलाला आणलें व त्याच्या सहवासाचें चित्र रेखाटलें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे.

१९६७ हें वर्ष या वाङ्मयाच्या इतिहासांत ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्या एकाच वर्षीं आत्ममग्न मुलांविषयीं, म्हणजे ज्यांना ऑटिझम आहे अशा मुलांविषयीं, अमेरिकेंत दोन ग्रंथ निघाले. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या ग्रंथाचें नांव 'रिकामा किल्ला' अशा अर्थाचें, आणि क्लॅरा क्लेबोर्न पार्क यांच्या ग्रंथाचें नांव 'वेढा' अशा अर्थाचें. दोघांनींहि किल्ल्याचेंच रूपक घेतलें, पण आईची जागा मात्र उलटसुलट ठेवली. बेटेलहाइम यांच्या मतें आईबापांच्या, विशेषतः आईच्या, नकारामुळें मूल तटाआड जाऊन बसतें. पार्कबाई स्वतः अशा मुलीच्या आई आणि साहित्याच्या अध्यापिका. त्यांच्या रूपकांत आई तटाबाहेर आहे. ती दिवसेंदिवस, न थकतां, प्रेमानें वेढा घालून बसली आहे. त्यांनीं मुलीच्या पहिल्या आठ वर्षांची हकीकत लिहिली, ती मुलीच्या बारीकसारीक चेष्टा टिपून. एक रूपक दुरून केलेलें आणि दुसरें जवळून केलेलें. पहिल्यानें हजारों आयांना अपराधी ठरविलें, दुसऱ्यानें त्यांना काम दाखवून दिलें. उपमा-रूपकें हा केवळ भाषेचा अलंकार आहे असें मानणाऱ्यांनीं हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून पहावेत.

या वादांत पुढें साक्ष दिली ती जुळ्यांनींच. १९७७ मध्यें सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनीं जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडींत निदान एक मूल आत्ममग्न होतें. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकीं चारांत दोन्हीं मुलें आत्ममग्न आढळलीं. भिन्न बीजांच्या १० जोड्यांपैकीं एकींतहि नाहीं. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना आई एकच असते. आईचा थंडपणा हेंच कारण असतें तर दोन्ही प्रकारांत फल सारखें दिसावयास हवें होतें. अभ्यास लहान होता, पण आईवरील आरोप टिकणार नाहीं हें त्यानें दाखविलें, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांनीं आनुवंशिकतेचा भाग अधिकच स्पष्ट केला. शास्त्रानें अशा रीतीनें जुळ्यांना साक्षीला बोलाविलें. त्यांचें घर पाहणें हें शास्त्राचें काम नव्हतें. तें वाङ्मयाचें काम आहे, आणि तें कितपत झालें हें आतां पाहूं.

व्हिकी फोरमन यांचें 'धिस लव्हली लाइफ' हें पुस्तक २००९ मध्यें निघालें. त्यांचीं जुळीं, एक मुलगी व एक मुलगा, अवघ्या २३ आठवड्यांचीं जन्मलीं. मुलगी कांहीं दिवसांतच गेली. मुलगा जगला, पण दृष्टिहीन आणि अनेक अपंगत्वें घेऊन. येथें करुण आणि वत्सल एकाच घरांत राहावयास आले. गेलेल्या मुलीसाठीं शोक, आणि असलेल्या मुलासाठीं घटकेघटकेचें काम. आपले साहित्यशास्त्रकार रसांचें मिश्रण आणि विरोध यांची चर्चा करतात. या पुस्तकांत मिश्रणहि नाहीं आणि विरोधहि नाहीं. दोन रस पाळीपाळीनें येतात. शोकाला सुद्धां मुलाच्या दुधाची वेळ झाली कीं उठावें लागतें. पुस्तकाचा पुष्कळ भाग रुग्णालयांत जातो, आणि तेथें यंत्रें व निर्णय यांच्या गर्दींत मुलगा क्वचित् दिसेनासा होतो. तो घरीं आल्यावर मात्र पानांत प्राण येतो. एक अपत्य गेलेल्या जुळ्यांच्या आईला लोक 'एक तरी राहिलें' असें म्हणतात. त्या वाक्यांतील क्रौर्य या पुस्तकाच्या वाचकाला निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

ॲलन शॉन या संगीतकाराचें 'ट्विन' (२०१०) हें याच प्रश्नाचें दुसरें अंग दाखवितें. त्यांची जुळी बहीण आत्ममग्न. तिला आठव्या वर्षीं घरापासून दूर संस्थेंत ठेवण्यांत आलें. भाऊ घरीं राहिला. येथें लेखक हा जुळ्यांपैकींच एक आहे, आणि ज्या दिनचर्येविषयीं तो लिहूं इच्छितो ती त्याच्यापासून काढून घेतलेली आहे. त्यामुळें पुस्तकाचा सूर जागोजागीं चाचपडतो. पण तें चाचपडणें प्रामाणिक आहे. बहिणीचे दिवस पगारी माणसांच्या हातीं गेले. अशा माणसांनीं लिहिलेलें या प्रकारचें वाङ्मय जवळजवळ नाहींच, ही या पुस्तकानें जाणविणारी उणीव आहे.

फ्रेंच लेखक झां-लुई फूर्निये यांच्या पुस्तकाला २००८चें फेमिना पारितोषिक मिळालें. त्यांचे दोन्ही मुलगे अपंग. जुळे नव्हेत, तरी दोघांचा भार एका घरानें वाहिला. 'बाबा, आपण कोठें चाललों?' अशा अर्थाचें पुस्तकाचें नांव धाकट्या मुलाच्या एका संवयीवरून आलें आहे. गाडींत बसला कीं तो हाच प्रश्न पुनःपुन्हां विचारी. याहून उत्तम चेष्टा कोणती सांपडणार? आणि लेखकाचा काळा विनोद हें या पुस्तकाचें बळ आहे; दया करावयास आलेल्या वाचकाला तो दाराबाहेरच उभा करतो. पण विनोदाला टाळी हवी असते, आणि ती मिळविण्याच्या नादांत दोन्ही मुलगे कित्येक पानांवर एकाच विनोदाचें निमित्त होऊन बसतात. कोणता कोणता हें विचारावें लागतें. मुलांच्या आईनें पुढें आपली निराळी बाजू जाहीरपणें मांडली. एकाच घराच्या दोन हकीकती असूं शकतात, हें यावरून सर्व लेखकांनीं शिकावें.

आमच्या कसोटीला सर्वांत चांगलें उतरतें तें शार्लट मूर यांचें 'जॉर्ज अँड सॅम' (२००४). तिघां मुलग्यांपैकीं दोघे आत्ममग्न. तेहि जुळे नव्हेत, परंतु जुळ्यांच्या आईला जें लिहावें लागेल तें या पुस्तकांत आहे. बरें होण्याची गोष्ट त्यांत नाहीं, चमत्कार नाहीं, आक्रोशहि नाहीं. खाणें, झोंप, आवाज, वस्तूंचा हट्ट असे विषय एकामागून एक येतात, आणि वाचतां वाचतां ध्यानांत येतें कीं एकाच निदानाचे हे दोन भाऊ एकमेकांपासून कोणत्याहि दोन भावांइतकेच भिन्न आहेत. वैद्याचा एक शब्द दोघांना लागू. आईचा एकहि नाहीं. पुस्तक मिटल्यावर वाचकाला दोन मुलांची ओळख राहते, आईच्या डोळ्यांतील पाण्याची नव्हे. तिची ओळख त्या ओळखींतूनच होते.

यावर कलावादी मंडळींचा एक आक्षेप संभवतो. अशीं पुस्तकें उपयुक्त असतील, पण रोजनिशी म्हणजे कला नव्हे, असें ते म्हणतील. फडके-खांडेकर वादाची आठवण करून देऊन कला जीवनासाठीं कीं कलेसाठीं, असाहि प्रश्न ते विचारतील. आमचें उत्तर असें कीं आक्षेपकांनीं कला म्हणजे कथानक असें गृहीत धरलें आहे. पुनरावृत्तीला रूप देणें हीहि कलाच, आणि ती मराठीला परकी नाहीं. जात्यावरच्या ओवीची घडण पहा. दगड तोच, फेरा तोच, दाणा रोजचाच. त्या फेऱ्यांतच बाई आपल्या तान्ह्याचें रोजचें नवें कांहींतरी गुंफते. आणि गद्यांत लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रे' आहेत. तीं १९३४ पासून १९३६ पर्यंत भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. संसाराच्या ओढाताणींत, दुःखाच्या ऐन मध्यावरहि, ज्या बाईला हंसूं लपवितां आलें नाहीं, तिची लेखनरीति विशेष मुलांच्या आईला जितकी उपयोगी पडेल तितकी कोणतीहि परदेशी रीति पडणार नाहीं.

मराठीनें या विषयाकडे अगदींच पाठ फिरविली, असें म्हणतां येत नाहीं. जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' नाटकानें मतिमंद मुलाच्या आईबापांची कुचंबणा रंगभूमीवर आणली, आणि १९९१च्या 'चौकट राजा' या चित्रपटानें तोच विषय घरोघर पोंचविला. परंतु नाटक-चित्रपटांना घटना हवी, हें आरंभींच सांगितलें. तेथें मूल बहुधा एकटें असतें, बरेंचसें मोठें झालेलें असतें, आणि आईबापांच्या संघर्षाचें तें केंद्र असतें. दोन लहान विशेष मुलांचा मंगळवार, ज्या दिवशीं कांहींच घडलें नाहीं असा, मराठींत अजून आमच्या पाहण्यांत नाहीं.

तो लिहिणाऱ्यानें दोन गोष्टींचें भान ठेवावें. पहिली शब्दांची. १९९५च्या कायद्यानें आपल्याकडे अपंगत्वाचे सात प्रकार मानले. २०१६च्या कायद्यानें ते २१ केले आणि त्यांत आत्ममग्नतेलाहि स्थान दिलें. २०१५ पासून 'दिव्यांग' हा शब्द सरकारी लेखनांत रूढ झाला. कायद्याला वर्ग हवेत, आणि त्यांवांचून प्रमाणपत्र व मदत मिळत नाहीं, हें खरें. वाङ्मयाला मात्र वर्गाचें नांव पुरत नाहीं. 'मतिमंद' म्हणून हिणवा कीं 'दिव्य' म्हणून गौरवा, एकाच पाळण्यांतील दोन मुलांना एकच शब्द लावला कीं दोन्हीं दिसेनाशीं होतात.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ज्या मुलाला संमति देतां येत नाहीं, त्याच्या अंगावरचे ओले कपडे जगापुढें वाळत घालण्याचा अधिकार आईबापांना किती? या प्रश्नाला एक उत्तर मुंबईनेंच दिलें आहे. मिठू अलूर यांनीं १९७२ मध्यें तेथें स्पास्टिक्स सोसायटी स्थापिली. त्यांची सेरेब्रल पाल्सी असलेली कन्या मालिनी चिब हिनें पुढें 'वन लिटल फिंगर' हें आत्मचरित्र स्वतः लिहिलें, एका बोटानें कळफलक दाबून. म्हणजे ज्याच्याविषयीं आपण आज लिहितों, तो उद्यां वाचक होऊं शकतो, कदाचित् लेखकहि. जो उद्यां आपलें पान वाचणार आहे असें समजून लिहिलेलें पान सहसा निर्दय होत नाहीं, आणि खोटें गोडहि होत नाहीं. जो कधींच वाचूं शकणार नाहीं, त्याच्याविषयींहि तसेंच लिहावें. त्याच्या वतीनें तक्रार करावयास कोणी नसल्यामुळें तर अधिकच जपून.

अशा घरांतून रात्रीं दोन्हीं मुलें एकदांचीं झोंपल्यावर कोणी आई किंवा बाप वहीच्या पानावर दिवसाचा हिशेब मांडीत असेल: कोणीं किती खाल्लें, कोणाला किती वेळां झटका आला, कोण कशाला हंसला. ती वही डॉक्टरांना दाखविण्यासाठीं असते. तींतील तिसरा रकाना डॉक्टर बहुधा वाचीत नाहींत. आमच्या संपादकांनीं व प्रकाशकांनीं तो मागून घ्यावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.